आबा ज्यांच्याशी भांडले

आबांचा फोन मी बंद केला नव्हता. गावी तेरावं उरकून आम्ही कामोठ्याला परत आलो, त्या दिवशी तो चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अकराच्या सुमारास तो वाजला. स्क्रीनवर नाव होतं बतूल टीचर.

मी उचलला आणि काही बोलायच्या आत पलीकडून सुरू झालं, "काय काका, मी तीन आठवडे गावाला काय गेले, तुमी सरळ दांडी मारली? मंगळवारी नाही, आज पण पत्ता नाही. होमवर्क झाला नसेल तर तसं सांगा ना, घाबरता काय!"

तरुण बाईचा आवाज होता. हसरा, आणि आबांना हक्कानं रागावणारा.

"मी त्यांची मुलगी बोलतेय," मी म्हणाले. मग पुढचं वाक्य म्हणाले. गेल्या पंधरा दिवसांत ते इतक्या जणांना सांगितलं होतं की त्याचे शब्द ठरून गेले होते. पहाटे, झोपेतच, त्रास काही झाला नाही.

मग ती म्हणाली, "तुमी उत्कर्षाताई का?"

तिला माझं नाव माहीत होतं. मला तिचं माहीत नव्हतं.

आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी विचारलं, "ही बतूल टीचर कोण?"

"इंग्लिशची. समोरच्या बिल्डिंगीत तळमजल्याला क्लास घेती. हे जायचे न्हवं का, मंगळवार-शुक्रवार सकाळी."

"कधीपासून?"

"झालं की दीड वरीस."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू कुटं इचारलंस?" आईनं एक जुडी सोडवली. "घरी आलीस की पुस्तक काढून बसतीस."

ते खरं नव्हतं, म्हणजे पूर्ण खरं नव्हतं. मी कोपरखैरण्याला राहते आणि महापेच्या एका कंपनीत काम करते. इंग्रजी ॲपमधली वाक्यं मराठीत आणायचं काम. 'आपली विनंती पूर्ण होऊ शकली नाही, कृपया पुन्हा प्रयत्न करा' असं काही तुमच्या फोनवर उमटतं, त्यातली काही वाक्यं माझी असतात. शब्दकोशांनी माझं एक कपाट भरलं आहे. दर रविवारी मी कामोठ्याला यायचे. आबा विचारायचे, "जेवलीस का?" आणि निघताना म्हणायचे, "पोचलीस की फोन कर." या दोन वाक्यांच्या मध्ये सहा तास असायचे, आणि ते आम्ही टीव्हीकडे तोंड करून काढायचो.

माझ्या वडिलांना सत्तराव्या वर्षी इंग्रजी शब्द विचारावेसे वाटले आणि ते रस्ता ओलांडून दुसऱ्या बाईकडे गेले. आईनं मेथी धुतली, चिरली, फोडणीला टाकली, तरी माझ्या डोक्यातून ते जाईना.

संध्याकाळी मी समोर गेले.

तळमजल्यावरचा एक हॉल, भिंतीला पांढरा फळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन लाकडी बाकं. बतूल तिशीची असेल. डोक्यावरून ओढणी, बोटांना मार्करचे डाग. डोळे सुजलेले होते. मला पंधरा दिवसांत नीट रडू आलं नव्हतं, आणि ही सकाळपासून रडली होती. पहिला राग मला त्याचाच आला.

"मी श्रीवर्धनला होते ताई, धाकट्या भावाच्या लग्नाला. कुणी कळवलंच नाही मला."

"आम्हाला माहीतच नव्हतं कुणाला कळवायचं ते," मी म्हणाले. हे बोलायला सोपं गेलं, कारण त्यात तिला थोडं लागेल असं वाटलं होतं. तिला लागलं नाही. तिनं पाणी आणून दिलं आणि सगळं सांगायलाच बसली.

आमच्या सोसायटीत ती एका मुलीला शिकवायला यायची. गेटवर स्कूटर लावण्यावरून तिची वॉचमनशी जुंपली, तेव्हा आबा तिथं उभे होते. वॉचमननं हात करून पाटी दाखवली. नवीच लागलेली, इंग्रजी, लाल अक्षरांत. आबांनी तिला विचारलं, काय लिहिलंय त्याच्यावर?

"मी म्हटलं, सिक्युरिटीबरोबर आर्ग्यू करू नका. तर म्हणतात, आर्ग्यू म्हणजे भांडण का? मी म्हटलं, तसं नाही अगदी. भांडणाला क्वारल म्हणतात. तर लगेच, मग फरक काय? मी म्हटलं काका, मला उशीर होतोय. म्हणाले, उशीर होत असेल तर घरी येतो, कुठं राहता?" ती हसली, मग हसू आवरलं. "आणि नंतर कळलं की पाटी त्यांच्यामुळेच लागली होती. रोज त्या वॉचमनच्या मागे लागायचे. टँकर कधी आला, मोटर कुणी लावली, गेट का उघडं."

"आबा?"

"हो."

"वॉचमनशी भांडायचे?"

"वॉचमनशी, सेक्रेटरीशी, भाजीवाल्याशी. माझ्याशी तर क्लासचा अर्धा वेळ." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्याशी नाही?"

एकेचाळीस वर्षांत आबांनी माझ्याशी आवाज चढवल्याचं मला आठवत नव्हतं. कॉलेजात हे मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे. इतर मुलींचे बाप ओरडायचे, हात उगारायचे. माझे आबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगारांच्या टोळीचे मुकादम होते, दिवसभर वीस माणसांना हाका मारून आवाज बसलेला असायचा, आणि घरी माझ्याशी ते हळू बोलायचे. मला वाटायचं, मी त्यांची विशेष आहे.

बतूलनं कपाटातून एक जाड वही काढली. खाकी कव्हर, वर आबांच्या वळणदार अक्षरात 'सयाजी'. फक्त सयाजी, आडनाव नाही. शाळेतल्या मुलासारखं.

तिची शिकवण्याची एक पद्धत होती. इंग्रजी शब्द आला की त्याला आधी आपल्या बोलण्यातला शब्द शोधायचा. मग त्यावर आपल्याच आयुष्यातलं एक वाक्य मराठीत लिहायचं. ते ती वर्गात इंग्रजीत करून घ्यायची. ही पद्धत चांगली होती. माझ्या कंपनीत कुणाला सुचली नसती, मलाही नाही.

मी वाचायला लागले. आबांनी निळ्या पेनानं लिहिलं होतं, तिनं लालनं.

आर्ग्यू. हुज्जत घालणे. 'वॉचमन म्हणाला टँकर आला नाही. मी म्हणालो आला. पाऊण तास हुज्जत घातली. टँकर मागच्या गेटला निघाला.' खाली लाल अक्षरांत : 'दोघांनी कारणं द्यायला पाहिजेत काका. नुसतं आला-नाही आला म्हणजे आर्ग्यू नाही.' त्याखाली निळ्यात : 'कारण होतं. मला पाण्याचा आवाज आला होता.' लाल : 'मान्य.'

बिकर. कुरबुर. 'मी आणि शालन. रोज. विषय लागत नाही.' शालन म्हणजे माझी आई.

स्क्वॉबल. पोरासोरांचं भांडण. 'एसटीत खिडकीच्या जागेवरून मी आणि नामा. वय अनुक्रमे सत्तर व अडुसष्ट.'

डिस्प्यूट. तंटा. 'चुलतभावाशी बांधावरून. नऊ वर्षं कोर्टात. बांध जागेवर आहे, चुलतभाऊ गेला.' लाल : 'हे वाक्य करताना मला रडू आलं.' निळं : 'मास्तरीणबाई, रडण्याचे शब्द पुढच्या धड्यात घ्या.'

पानामागून पानं. हा माणूस थट्टा करत होता, अडून बसत होता, हार मानत होता. मी हळूहळू वाचणं सोडून दिलं आणि नुसती नजर फिरवू लागले, कारण मी एकच शब्द शोधत होते. माझं नाव. शालन होती, नामा होता, वॉचमन होता, मार्केटातले दोन व्यापारी होते, गेलेला चुलतभाऊ होता. बतूल तर पानोपानी होती. मी कुठेच नव्हते.

शेवटाकडे डिबेट हा शब्द आला, आणि तिथून पुढची अकरा पानं एकाच विषयावर होती. वर शीर्षकासारखं लिहिलं होतं : 'बतूलने मस्कतला जाऊ नये.' खाली आकडे घालून मुद्दे. 'एक. तिथे भाऊ आहे, पण भाऊ दिवसभर कामावर.' लाल : 'मी पण कामावरच असणार.' 'दोन. क्लासातल्या पंधरा बायका अर्ध्यात राहतील.' लाल : 'दुसरी टीचर मिळेल.' 'तीन. मला दुसरी टीचर नको.' यावर लाल अक्षरांत काहीच नव्हतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मार्चमध्ये शहजादभाईनं, म्हणजे मोठ्या भावानं, तिकडच्या शाळेत जागा बघितली होती माझ्यासाठी. सगळं जवळजवळ नक्की होतं. काका चार आठवडे भांडले. एकदा तर पावणेसातला आले, मी दात घासत होते." ती वहीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "नाही गेले मी."

मी वही मिटली.

चार वर्षांपूर्वी मी आईवडिलांचं घर सोडून कोपरखैरण्याला एकटी राहायला गेले. लग्न झालेलं नव्हतं, होईल असंही काही उरलं नव्हतं. कामोठ्याहून महापेला जायला-यायला तीन तास जायचे, हे एक कारण होतं. बाकीची कारणं सांगायला अवघड होती, म्हणून मी ती लिहून काढली. आठ मुद्दे, ऑफिसच्या कागदावर, स्वच्छ टाईप केलेले. आबा काय म्हणतील त्याचीही उत्तरं काढून ठेवली. एका सकाळी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं." पुढच्या शनिवारी त्यांनी टेम्पो बोलावला.

माझ्यासाठी एक "बरं". हिच्यासाठी चार आठवडे.

"ही वही मी घेऊन जाते," मी म्हणाले.

बतूलनं वहीवर हात ठेवला. जोरानं नाही, नकळत. "थोडे दिवस ठेवू का ताई? मला एकदा सगळी नीट वाचायचीय."

"माझ्या वडिलांची वही आहे ती."

"लाल पेन माझा आहे," ती पटकन म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला. "सॉरी. असं नको होतं बोलायला मी. घ्या तुमी."

तिनं वही पुढे केली आणि मी ती घेतली नाही. तिनं दया म्हणून सोडलेली वस्तू मला नको होती. "मंगळवारी येईन," एवढं बोलून मी बाहेर पडले.

रविवारी नामाकाका आले. खांद्यावर कांद्याची पिशवी, तुर्भ्याहून. आबांच्या टोळीत ते तीस वर्षं होते, आणि अजून मार्केटात एखादी चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पिशवी आईच्या पुढ्यात ठेवून ते खाली बसले, खुर्ची नको म्हणाले.

चहा झाल्यावर मी विचारलं, "नामाकाका, आबा भांडायचे?"

ते माझ्याकडे बघून खो खो हसले. "वहिनी, ही काय इचारतीया बघा! अगं, मुकादम भांडायचा न्हाई तर काय आरती म्हणायचा? माज्यासंगं त्यांची सकाळी एक हजेरी आन् दुपारी एक हजेरी."

"ह्यांच्या तोंडाला तोंड देणारं दुसरं कोण हुतं?" आई म्हणाली. "तुमीच काय ते एक."

"आन् तुमी?"

"मी कुटं भांडती? मी फकस्त खरं सांगती."

नामाकाका मला सांगू लागले. टोळीत दोघांचं वाजलं की आबा त्या दोघांचीच जोडी लावायचे. कांद्याची गोणी तिसऱ्याच्या पाठीवर द्यायला दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावी लागते. एकानं आधी सोडली तर तिसऱ्याची कंबर जाते. "मग काय, दिसभर त्येच्याच तोंडाकडं बघत उचलायचं. चार गोण्या शिव्या देत, पाचवीला गप, धाव्वीला 'तंबाखू हाय का रं?' झालं भांडान." तळव्यावर तळवा आपटून ते म्हणाले, "मुकादम म्हणायचे, ज्याच्यासंगं वजं उचलायचं त्याच्याशीच भांडावं. वाटंनं जाणाऱ्याशी कशाला?"

मी विचार न करता बोलून गेले, "मी वाटेनं जाणारी असेन मग."

आईनं चमकून बघितलं. "आसं काय बोलतीस?"

"मी इथून गेले तेव्हा आबा एक शब्द बोलले नाहीत." माझा आवाज मला अपेक्षित नव्हता इतका कोरडा आला. "बरं म्हणाले. टेम्पो बोलावला. माझी पुस्तकं बांधायला बसले. मी जायची जशी वाटच बघत होते."

नामाकाका हसायचे थांबले. "पुस्तकं कुणी बांधली म्हणालीस?"

"आबांनीच. सुतळीनं, सतरा गठ्ठे."

"आन् पयला गठ्ठा कुणी उचलला?"

"त्यांनीच. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानं नेला. तिसऱ्या मजल्यावरून. मी म्हटलं अहो आबा, लिफ्ट आहे. ऐकलं नाही."

"ऐकतील कसं?" नामाकाका आईकडे वळले. "वहिनी, तुमी पोरीला सांगितलं न्हाईसा?"

"मला तरी काय ठावं, तुमच्या टोळीतलं?"

मग त्यांनी सांगितलं. टोळीतून एखादा कायमचा निघाला, कुणाला सरकारी नोकरी लागली, कुणी गावाकडं जमिनीवर परत चालला, तर त्याला अडवायचं नाही असा त्यांच्या टोळीचा रिवाज होता. राहा म्हणायचं नाही, का चाललास म्हणायचं नाही. त्याची वळकटी मुकादमानं स्वतःच्या हातानं बांधायची आणि पहिल्यांदा स्वतः उचलायची. मग टोळीतल्या एकेकानं थोडं थोडं अंतर ती न्यायची, स्टँडपर्यंत. जाणाऱ्यानं त्या दिवशी काहीही उचलायचं नाही.

"शिवतेज म्हणून पोरगं हुतं, पोलिसात लागलं. मुकादमाचा लई जीव त्येच्यावर. दोन मैल वळकटी एकट्यानंच वाहिली, तोंडातनं शबुद न्हाई. बोललं की जाणाऱ्याचा पाय अडतो म्हणायचे." नामाकाकांनी कपातला तळाचा चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. "तुजी वळकटी बांधली त्यांनी. आन् तू म्हणतीस बोलले न्हाईत."

खरं तर मला तिथं रडू यायला हवं होतं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. पण मला आलं ते वेगळंच.

"पण मला कुणी विचारलं का, की मी जात होते का?" मी म्हणाले.

"म्हंजे?"

"मी काही टोळी सोडून चालले नव्हते. आठ मुद्दे काढून आले होते. त्यातला एक तरी खोडावा म्हणून. सहावा तर मुद्दाम कच्चा ठेवला होता." हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. "त्यांनी चार वाक्यं बोलली असती तरी मी थांबले असते, आई."

आईनं पदर खाली घेतला. "मग तोंडानं बोलायचं हुतंस. कागद कशाला आनलास?"

"मुद्दे मांडायला."

"मला म्हणाले, पोरगी कागद घिऊन आली, म्हंजे ठरवूनच आली. आता आपुन तोंड घालायचं न्हाई." आई नामाकाकांकडे बघून म्हणाली, "कागद बघितला आन् त्येंचं तोंडच मिटलं."

"आमच्यात कागद सगळ्यात शेवटी," नामाकाका हळूच म्हणाले. "बोलणी झाली, भांडणं झाली, रुसवं झालं, समद्यांचं ठरलं, की मग कागद काढायचा आन् आंगठा मारायचा. कागद आला म्हंजे इषय संपला."

माझ्यात कागद सगळ्यात आधी असतो. मला बोलता येत नाही असं नाही, पण लिहिल्याशिवाय मला माझंच म्हणणं कळत नाही. मी त्यांच्यापुढे सुरुवात म्हणून ठेवला तो कागद त्यांनी शेवट म्हणून वाचला, आणि वळकटी बांधायला सुतळी आणायला गेले.

मंगळवारी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि परस्पर बतूलकडे गेले. संध्याकाळचा क्लास सुटला होता. ती फळा पुसत होती, वही टेबलावर काढून ठेवलेली होती. वाटेत मी एकच वाक्य ठरवलं होतं, 'वही न्यायला आलेय', आणि दारातून आत येता येता विचारलं भलतंच.

"मस्कतचं आबांना तू कसं सांगितलंस? काय दाखवलंस त्यांना? पत्र? तिकीट?"

ती गोंधळली. "काही नाही. ते आले होमवर्क घेऊन, आणि मी रडत होते. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं."

"बस?"

"बस."

"म्हणून तुझ्याशी भांडले." मी बाकावर बसले. "तू रडत होतीस, म्हणून त्यांना कळलं की तुला जायचं नाहीये. मी टाईप करून नेलं, म्हणून मला जायचंय असं ठरलं." मग मी तिला सगळं सांगितलं. कागद, टेम्पो, सतरा गठ्ठे, शिवतेजची वळकटी. ती ऐकत उभी राहिली, हातात डस्टर तसंच.

"मग काका बरोबरच होते ना," ती शेवटी म्हणाली.

"चूक होते."

"कसं काय? तुमी ठरवलेलं त्यांनी मानलं. किती बाप मानतात? माझ्या भावानं मला न विचारता जागा बघितली. तुमच्या वडलांनी तुमचं सामान उचललं."

"मला उचलायला नको होतं कुणी. मला भांडायला हवं होतं."

"मग तुमी भांडायचं!" तिचा आवाज चढला. "त्यांनीच का सुरू करायचं? चार वर्षं, दर रविवारी येत होतात. एकदा पण म्हणाला नाहीत, आबा, तेव्हा मला का थांबवलं नाही?"

"असं विचारायची पद्धत नव्हती आमच्यात."

"पद्धत! शब्दांचं काम करता तुमी. काका सांगायचे मला, माझ्या पोरीला हजारो शब्द येतात."

"मग मला का नाही विचारले?" हे माझ्या तोंडून इतक्या जोरात गेलं की बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी थांबल्याचं जाणवलं. "आर्ग्यू म्हणजे काय, क्वारल म्हणजे काय, मी सांगितलं असतं. फोनवर सांगितलं असतं. अर्ध्या मिनिटात."

बतूलनं डस्टर खाली ठेवलं. "मी विचारलं होतं त्यांना. घरात एवढी शिकलेली पोरगी आहे आणि माझ्याकडे कशाला येता. तर म्हणाले, तिला विचारलं की ती बरोबर सांगते. मग पुढं बोलायला काही राहत नाही."

हे तिनं मला दुखवायला सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच ते खोटं नसणार. मला शाळेतली एक दुपार आठवली. आबांनी माझ्या मैत्रिणीसमोर 'सर्टिफिकेट' हा शब्द त्यांच्या पद्धतीनं म्हटला होता, आणि मी तो लगेच, हसून, नीट म्हणून दाखवला होता. ते म्हणाले होते, "बरं." त्यांनी मला म्हटलेलं पहिलं "बरं" तेच असेल का, ते मला सांगता येणार नाही.

"राग आला?" बतूल म्हणाली.

"तुझा? पहिल्या दिवसापासून आहे."

"माहितीये. पाणी पिताना पण माझ्याकडे बघत नव्हतात." ती टेबलाला टेकली. "मला पण तुमचा होता. सांगू? दीड वर्षं रोज ऐकायचं, उत्कर्षा असं म्हणाली, उत्कर्षा हे वाचते. वहीत कुठे नाव नाही, का माहितीये? मी एकदा वाक्य दिलं होतं, मुलीवर लिहा म्हणून. म्हणाले, या धड्यात तिचं काही येत नाही. मला वाटलं, बघा, हिच्यावर एक शब्द वाकडा लिहायला तयार नाहीत."

"मला वाकडा हवा होता."

"ते मला काय माहीत! त्यांना तरी काय माहीत!"

"बापाला कळायला पाहिजे."

"आणि मुलीला नको?"

मी उठले. टेबलावरची वही घेतली आणि पर्समध्ये घालायला गेले. ती मोठी होती, मावेना, तेव्हा तशीच छातीशी धरली. दाराशी येऊन चपला घातल्या. बतूलनं मला अडवलं नाही, पण ती माझ्या मागोमाग आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुमचीच आहे. पण तुमी चूक आहात, हे मी सांगणार. आज सांगणार, परत आलात तर परत सांगणार. त्यांनी तुमचं ऐकलं होतं. तुमी म्हणता, नाही ऐकलं. मी हे मान्य करणार नाही."

"तू कोण मान्य न करणारी?"

"कुणी नाही. दीड वर्षं त्यांच्याशी भांडलेली बाई."

तिच्या पापण्या पुन्हा ओल्या झाल्या होत्या, पण आवाज खाली आला नव्हता. मला अजूनही तिचा हेवा वाटत होता. त्या अकरा पानांचा, पावणेसातला वाजलेल्या दाराचा, 'मला दुसरी टीचर नको' या वाक्याचा. तो कमी होईल असं मला वाटत नाही. पण आबांबद्दल मी चुकीचं बोलते आहे असं तोंडावर सांगणारं माणूस पंधरा-वीस दिवसांत दुसरं भेटलं नव्हतं. सगळे मान हलवून, हात दाबून जात होते.

"तो सहावा मुद्दा," मी म्हणाले. "तो त्यांनी वाचायला हवा होता. नुसता वाचला असता तरी कळलं असतं."

"काय होतं सहाव्यात?"

सहाव्यात होतं, 'मी नसले तरी तुमचं काही अडणार नाही.' ते मी सांगितलं नाही लगेच. पॅसेजमध्ये शेजारच्या दाराशी एक बाई उगीच पायपुसणं झटकत उभी होती. मी चपला काढल्या आणि परत आत गेले. माझं अजून बोलून झालं नव्हतं.